बेंटोटाच्या विहारातलं पाणी

आमच्या घरात लिंबू येतं ते पोह्यांवर पिळायला. दारावर टांगायला नाही, कुणावरून उतरून टाकायला तर नाहीच नाही. आजोबांच्या पिढीत आमचं घर बौद्ध झालं, आणि बावीस प्रतिज्ञा आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी पाठ होत्या. त्यात मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. जे स्लाईडवर दिसत नाही ते नाही, हा माझा हिशोब. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस नुसती वाचते... आणि खरं सांगू का, हसायला वाचते. "मागे वळून बघितलं तर कोणीच नव्हतं" आलं की पुढचं मला तोंडपाठ. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय, तर तुम्हीही हसून घ्या. हरकत नाही.

आम्ही संभाजीनगरला, छावणीत राहतो. मी आणि आई. भाऊ पुण्याला. पप्पा इथंच एका सरकारी ऑफिसात क्लार्क होते. रिटायर झाल्यावर त्यांचं एकच टुमणं होतं — "एकदा लंका बघायची." तिथले विहार, तिथला समुद्र, सगळं त्यांनी यूट्यूबवर इतकं बघून ठेवलं होतं की जेवताना आम्हाला गाईडसारखं सांगायचे. आई म्हणायची, "आधी पैठणचं धरण तरी दाखवा नीट, मग लंका."

जायचं राहूनच गेलं. पप्पांच्या आतड्याचं मोठं ऑपरेशन झालं. नंतर तोंडानं काहीही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, अशी डॉक्टरांची सूचना होती आणि ती बरोबरच होती. त्या रात्री त्यांच्याजवळ आई होती. ते पाणी मागत राहिले. आई कापूस ओला करून ओठांना लावायची आणि म्हणायची, "सकाळी डॉक्टर आले की देते." सकाळी डॉक्टर यायच्या आधीच पप्पा गेले.

त्या दिवसापासून आईनं पाणी सोडलं. म्हणजे उपास वगैरे नाही... आमच्यात तसलं काही नसतं. बस, पाणी तिच्या घशाखाली उतरेना. गोळी गिळण्यापुरता घोट, की ग्लास खाली. आपल्याकडचा एप्रिल-मे तुम्हाला माहीत आहे, कूलरसुद्धा गरम हवा फेकतो. आणि ही बाई दिवसभर कोरडी! लघवीचं इन्फेक्शन सारखं व्हायचं. रिपोर्ट मीच काढायचे. क्रिएटिनीन दर खेपेला थोडं वर. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर किडन्या जातील. मी रागावले, रडले, सरबत करून दिलं, ताक दिलं. एकदा तर ग्लास आपटला. तेव्हा ती एवढंच बोलली, "सुजे, पाण्यासाठी आपल्या लोकांनी काय काय सोसलं गं. अन् मी माझ्या माणसाला घोटभर पाणी दिलं नाय." हे कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसणारं दुखणं नव्हतं.

शेवटी भावानं आम्हा दोघींची श्रीलंकेच्या टूरची तिकिटं काढली. "पप्पांची राहिलेली ट्रिप करून या," म्हणाला. आई नाही नाही म्हणत तयार झाली.

टूरचा ग्रुप आपल्याच भागातला. देश मात्र बघण्यासारखा आहे हो! कॅंडीचं तळं, डोंगरभर चहाचे मळे, खोबऱ्याच्या चटणीबरोबर गरम आप्पम, आणि रस्त्यानं जाता-येता वडाएवढे पिंपळ, त्यांच्याभोवती रंगीत पताका. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, हे तिथं कडक पाळतात. आमच्यातल्या एका वहिनींनी सेल्फीसाठी पाठ केली, तर एका शाळकरी मुलीनं येऊन त्यांना हळूच खांद्याला धरून फिरवलं. आई हे सगळं बघायची, पण कोरड्या डोळ्यांनी आणि कोरड्या ओठांनी. मी पिशवीत ओआरएस घेऊन तिच्या मागे मागे.

शेवटचा मुक्काम बेंटोटाला होता, समुद्रावर. त्या दिवशी नेमकी पौर्णिमा. तिकडे पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते, दारू बंद, आणि गावंच्या गावं पांढरे कपडे घालून विहारात. आमच्यातले दोन काका सकाळपासून तोंड पाडून बसले होते, कशामुळे ते कळलंच असेल. बाकी सगळे खाडीतल्या बोटीच्या सफरीला गेले. आई म्हणाली, "मला नाय बोटीत बसायचं. इथं जवळ विहार असंल तर तिथं ने." मग हॉटेलसमोरच्या एका रिक्षावाल्याला विचारलं. निमल त्याचं नाव. मोडकंतोडकं इंग्रजी आणि थोडं हिंदी बोलायचा. त्यानं गावातल्या एका छोट्या विहारात नेलं.

आईनं पांढरी साडी नेसली होती. दारात एक बाई कमळं आणि चाफ्याची फुलं विकत होती. आई सवयीनं फूल नाकाशी न्यायला लागली, तर त्या बाईनं हसून हात धरला — वाहायचं फूल आधी हुंगायचं नाही. आत लोक वंदना म्हणत होते. चाल निराळी, उच्चार थोडे निराळे, पण शब्द आपलेच! "बुद्धं सरणं गच्छामि" सुरू झालं आणि आई त्यांच्यात मिसळून म्हणायला लागली. परक्या देशात, परक्या माणसांत, आणि एक शब्द चुकला नाही तिचा. पप्पा पाहिजे होते, असं मला फार वाटलं.

मागच्या अंगाला मोठा पिंपळ, त्याला दगडी कट्टा. तिथली रीत अशी की नळावर छोटं मडकं भरायचं, झाडाला फेरा घालायचा आणि मुळाशी पाणी ओतायचं. घरात कोणी आजारी असेल, कोणी गेलं असेल, त्याच्यासाठी मैत्रीभावना करत, म्हणजे मनात त्याचं भलं चिंतत ओततात, असं निमलनं सांगितलं आणि तो रिक्षाकडे गेला. मी आईच्या हातात भरलेलं मडकं दिलं. फेरा झाला. मुळाशी आली... आणि थांबली. मडकं धरून नुसती उभी. लोक बाजूनं जाताहेत, पाणी ओतताहेत, आणि हिचं मडकं तसंच भरलेलं. "सुजे, मला नाय ओतता येत," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. पप्पांच्या मातीलासुद्धा ती अशी रडली नव्हती.

कट्ट्यावर एक म्हातारा बसला होता. काळासावळा, हडकुळा, लुंगीसारखं पांढरं सारोंग, खांद्यावर पंचा. तो उठला, आईसमोर येऊन उकिडवा बसला आणि दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाला लावली. आपल्याकडे शेतात कुणी वरून पाणी ओततं तेव्हा माणसं पितात ना, अगदी तसं.

आईनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिनं ओतायला सुरुवात केली. म्हातारा पीत राहिला. मडकं संपलं, त्यानं ओंजळ काढली नाही. मी धावत जाऊन भरून आणलं. तेही प्यायला. एवढंसं माणूस, एवढं पाणी कुठं जातंय, असं मला वाटून गेलं. मग त्यानं पंच्यानं तोंड पुसलं, पोटावर थाप मारली, आणि आईकडे बघून म्हणाला —

"भरली घागर. आता रडू नको."

मराठीत. स्वच्छ, आपल्या मराठवाडी हेलात.

जेवण झालं की पप्पा तांब्या वर धरून पाणी प्यायचे, पोटावर थाप मारायचे आणि म्हणायचे, "भरली घागर." रोज. आमच्या घराबाहेर हे कुणाला माहीत असायचं काही कारणच नाही. म्हातारा उठून कट्ट्यावर पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला, जसं काही झालंच नाही.

मी तशीच दारात गेले, निमलला घेऊन फुलवालीला विचारलं, हे आजोबा कोण? इंडियात होते का? हिंदी येतं का त्यांना? निमलनं विचारलं आणि ती बाई हसायलाच लागली. ते तिचे सासरे होते. जन्मापासून मुके आणि बहिरे. अख्खं गाव ओळखतं. कधी गावाबाहेर गेलेले नाहीत. माझा चेहरा बघून ती त्यांच्या मागे गेली, कानाजवळ जोरात टाळी वाजवली. ते हललेसुद्धा नाहीत. मग तिनं खांद्याला हात लावला, तसे वळून आमच्याकडे बघून हसले, आणि तोंडातून नुसतं "आं... आं..." आलं. अगदी निर्मळ, भोळं हसू. आम्हाला ओळखत असल्याची कसलीही खूण नाही.

आता माझ्यातली लॅबवाली जागी झाली. मनाचे खेळ, ऊन, रडारड — मला जे ऐकायचं होतं तेच ऐकू आलं असणार. म्हणून मी आईला काहीच सांगितलं नाही. रिक्षात बसल्यावर साध्या आवाजात विचारलं, "काय म्हणाले गं ते आजोबा?"

आई बाहेर बघत होती. म्हणाली, "भरली घागर, आता रडू नको."

थोडं पुढं गेल्यावर रस्त्याकडेला केशरी शहाळी टांगलेली दिसली. आईनं निमलच्या पाठीवर थाप मारून रिक्षा थांबवली. एक शहाळं प्यायली, न थांबता. मग माझ्याकडचं अर्धं उरलेलं काढून घेतलं आणि तेही संपवलं. मी रस्त्यात उभी राहून ढसाढसा रडले. शहाळंवाला बिचारा घाबरला, त्याला वाटलं शहाळं खराब निघालं.

परत आल्यावर एका ओळखीच्या मानसोपचार तज्ज्ञांना हे सांगितलं. ते म्हणाले, दोघी एकाच दुःखात होतात, दोघींना एकच भास होऊ शकतो. होत असेल. तहानलेला म्हातारा पाणी प्यायला, इथवर मलाही पटतं. पण तेच वाक्य, त्याच क्षणी, दोघींना? मी खूप वाचलं, खूप जणांना विचारलं. मनाला पटेल असं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही, आणि माझ्याकडे तर नाहीच. आईचे रिपोर्ट मात्र सुधारत गेले, ते मी स्वतः काढलेत.

हे लिहून झाल्यावर आईला वाचून दाखवलं. तिनं चष्मा पुसत शेवटपर्यंत ऐकलं.

"टाक ग्रुपवर. पण त्यात भूत-बीत म्हणू नको," म्हणाली. "आत्मा-बित्मा मी मानत नाय, अन् तूबी मानायचं नाय. ते कोण होतं, कसं बोललं, तुझं तू शोधत बस. पण तुझे पप्पा माझ्या हातचं पाणी पिऊन गेले, एवढं मला ठावं हाय."