शुक्रवारी पाचला बंद होणारं दार

पाण्याचे पंप बनवणाऱ्या त्या कंपनीत त्याला सगळे पोस्टमास्तर म्हणत. टपालाची पिशवी त्याने जन्मात खांद्याला लावली नव्हती. कंपनीचा ईमेलचा सर्व्हर तो सांभाळायचा, एवढंच. जिन्याखालच्या गारठलेल्या खोलीत सर्व्हर घरघरत असायचा आणि हा त्याच्यासमोर स्वेटर घालून बसायचा. एकवीस वर्षं. टपाल अडलं की सगळ्यांना पोस्टमास्तर आठवायचा, सुरळीत असलं की हा आहे की गेला, कुणाला पत्ता नसायचा.

रोज सकाळी आल्या आल्या तो सर्व्हरची नोंद वाचायचा. कोण, किती वाजता आत आलं याची ती कंटाळवाणी यादी. आठवड्यातून दोन-तीनदा त्यात एक ओळ त्याच्या लेकीची असायची. लेक काही कंपनीत नोकरीला नव्हती. शिकत असताना तिला अर्जांसाठी ईमेलचा पत्ता हवा होता, म्हणून यानेच खातं काढून दिलेलं. पुढे बायको गेली, आणि बायकोचं शिवणकामाचं दुकान याने लेकीला न विचारता विकून टाकलं. ते दुकान तिला चालवायचं होतं. एका बॅगेत मावेल तेवढं घेऊन ती निघून गेली, त्याला चार वर्षं झाली. फोन नंबर बदलला, राहते कुठे ते कळवलं नाही. खातं मात्र तेच ठेवलं. तिची ओळ दिसली की पोस्टमास्तरला सकाळचा चहा गोड लागायचा. आहे, कुठेतरी आहे, हातीपायी धड आहे.

तिचं टपाल उघडणं त्याच्या हातात होतं. चार वर्षांत एकदाही त्याने उघडलं नाही. दुसऱ्याचं पत्र वाचणारा माणूस त्याच्या लेखी चोरच.

खऱ्या चोरांना असला काही विधिनिषेध नव्हता. एका मंगळवारी हिशेबनिसाच्या नावाने सगळ्या गिऱ्हाइकांना खोटी पत्रं गेली. हिशेबनिसाचा पासवर्ड म्हणजे त्याचं जन्मसाल. आणि चोर आले ते सर्व्हरच्या एका जुन्या दारातून. थेट इंटरनेटवर उघडं, पासवर्ड सांगितला की या आत. ते कधीचंच बंद व्हायला हवं होतं. पण लेकीच्या जुन्या फोनला तेवढं एकच दार माहीत होतं.

पोस्टमास्तरने मॅनेजरबाईंसमोर सगळं सांगून टाकलं.

"आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?" बाई म्हणाल्या.

"चूक माझी आहे, बाई. नोकरीवर पाणी सोडायची तयारी आहे."

"नोकरीचं राहू द्या. शुक्रवारी पाच वाजता ते दार बंद, आणि बाहेरच्या माणसाचं खातंही बंद. तोवर तिला कळवा. बाप आहात ना? दोन ओळी लिहा की."

"लिहितो," तो म्हणाला.

तीन दिवस त्याने मान वर केली नाही. वर्षानुवर्षं राहिलेल्या दुरुस्त्या चढवल्या, पाच वेळा पासवर्ड चुकला की खातं अडकेल अशी सोय केली, आणि एकेकाला टेबलाशी बोलावून त्याचा फोन नोंदवला. यापुढे फोनवर आलेला आकडा सांगितल्याशिवाय आत प्रवेश नाही.

हिशेबनीस कुरकुरला, "पोस्टमास्तर, एवढी चौकशी तर घरी उशिरा गेल्यावर बायकोही करत नाही."

"करायला हवी होती," पोस्टमास्तर म्हणाला. "सुधारला असता."

राहिलं लेकीचं पत्र. गुरुवारी दुपारी आपल्या खाजगी पत्त्यावरून त्याने 'बाळा' एवढं लिहिलं आणि अर्धा तास बसून राहिला. मग लिहिलं, 'दुकान विकलं ते माझं चुकलं.' तेही पुसलं. तिने वाचलं आणि उत्तर दिलंच नाही, तर? आपण लिहिलेलं नाही तोवर तिच्या गप्प राहण्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावता येतो. तो घाबरला, सरळ घाबरला. शेवटी कार्यालयाच्या पत्त्यावरून सगळ्यांना जाणाऱ्या सूचनेवरच त्याने तिचं भागवलं. 'सर्व खातेधारकांना कळवण्यात येते की...' खाली आपला फोन नंबर दिला. नियमाप्रमाणे द्यावाच लागतो.

शुक्रवारी पाचपर्यंत फोन वाजला नाही. त्याने दार बंद केलं, खातं पुसलं आणि स्वेटर न काढताच घरी गेला.

सोमवारी गुरुवारपासूनची साचलेली नोंद वाचताना प्रथम त्याला आपलंच पत्र दिसलं. ते कुठल्या कप्प्यात पडलं हेही नोंदीत असतं. कचऱ्याच्या. तिचं नाव सगळ्यांच्या यादीत पहिल्यापासून होतं. रविवारी वीज नाही, गाड्या नीट लावा, असली कार्यालयाची पत्रकं चार वर्षं तिच्याकडे जात होती. वैतागून तिने तो पत्ता कधीचाच परस्पर कचऱ्यात वळवला होता. फक्त तोच पत्ता. बापाचा खाजगी पत्ता तिने अडवला नव्हता.

मग त्याने दाराबाहेरून परत गेलेल्यांची यादी काढली. चोरांच्या हजारो ओळी होत्या. त्यांत, शुक्रवारी पाच चाळीसपासून, तिचं नाव. प्रवेश नाकारला. प्रवेश नाकारला. नऊ वेळा. शनिवारी चार वेळा. रविवारी एकदा.

चोर सोमवारीही येतच होते, मिनिटामिनिटाला. पोस्टमास्तर संध्याकाळपर्यंत यादी पुढे सरकवत राहिला. तिचं नाव त्यात पुन्हा आलं नाही.