नऊ डहाळ्यांचा खुलासा

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, गोकुळ इंगळे नावाचे परिचर होते. एकतीस वर्षं त्यांनी तिथे काढली. मी बी.एस्सी.ला होते तेव्हा ते नुकतेच लागले होते. आम्ही त्यांना गोकुळभाऊ म्हणायचो. आता माझी मुलगी करिष्मा त्याच टेबलांवर बसते आणि तिच्या वर्गाचे ते गोकुळमामा झाले.

परिचराचं काम म्हणजे काचपट्ट्या धुणं, सूक्ष्मदर्शक काढून देणं आणि मोजून परत ठेवणं. पण गोकुळभाऊंचं खरं काम वेगळं होतं. प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक विद्यार्थ्याला फुलोऱ्याची एक डहाळी मिळते. फूल कापायचं, भिंगाखाली बघायचं, वर्णन लिहायचं आणि झाड कोणत्या कुळातलं ते ठरवायचं. ही डहाळी आणायची गोकुळभाऊंनी. आदल्या दिवशी विभागाचे वानखडे सर त्यांना एकट्याला झाडाचं नाव सांगत. मग ते आपल्या गावाहून, डोणगावहून, सकाळी निघताना वाटेतल्या बांधांवरून हव्या तेवढ्या डहाळ्या तोडून, ओल्या पोत्यात गुंडाळून आणत. पोरं आधीपासून मागे लागायची.

"मामा, फूल पांढरं का जांभळं, एवढंच सांगा."

"फूल हाय. एवढं नक्की सांगतो."

लॅटिन नावं त्यांना पाठ होती, आमच्यापेक्षा जास्त. पण त्यांच्या डोक्यातले कप्पे वेगळे होते: बांधावरची झाडं, नाल्यातली, उकिरड्यावरची, आणि 'मानसाच्या मागंमागं येनारी'. आणि सगळ्यात शेवटी वास. पान चुरगळून नाकाशी नेल्याशिवाय ते एकही डहाळी पोत्यात टाकत नसत.

या नोव्हेंबरच्या अखेरीस ते निवृत्त होणार होते. त्याआधी ही शेवटची परीक्षा. सरांनी नाव सांगितलं, रानतुळस. विद्यार्थी चोवीस.

नेहमीच्या बांधावर त्यांना पंधराच डहाळ्या मिळाल्या. पुढच्या सगळ्या बांधांवर तणनाशक मारलेलं, सगळं करपून पिवळं. वेळ होत आलेली. म्हणून ते हिवरा आश्रमाच्या रस्त्याला वळले. तिथल्या पडीकात गवतात जांभळट तुऱ्याची, समोरासमोर पानांची झाडं दिसली. त्यांनी नऊ डहाळ्या तोडल्या. पान चुरगळलं, नाकाशी नेलं, वास आला नाही. सोयाबीनच्या धुळीनं आठवडाभर त्यांना पडसं झालेलं, नाक बंद. नाक बंद आहे म्हणून वास येत नाही, असं ते धरून चालले.

परीक्षा झाली. करिष्मा घरी आली तेव्हा मी दारातच होते; आधी परतलेल्या पोरांकडून झाडाचं नाव कळलं होतं. "तुळशीचं कूळ होतं ना? चार भागांचा अंडाशय लिहिलास ना?" तिनं मान हलवली आणि सरळ आत गेली. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी मी तिचे मार्क रोज मनात मोजत होते, त्यामुळे ती मान मला पुरेशी वाटली.

तिकडे प्रयोगशाळेत गोकुळभाऊ टेबलं आवरत होते. मागच्या टेबलावरची एक डहाळी उचलली आणि तिच्यावरची वाळकी बोंडी त्यांच्या बोटात चटकन उकलली. दोन फाका झाल्या. तुळशीला बोंडी येत नाही. तुळशीच्या फुलाच्या तळाशी चार बारके दाणे असतात, उघडेच. दोन फाकांची बोंडी अडुळशाच्या कुळात. त्यांनी मागच्या दोन्ही टेबलांवरच्या डहाळ्या गोळा केल्या. नऊ. सगळ्या तशाच. पडीकातलं झाड पित्तपापडा होतं.

बाहेरून आलेले परीक्षक पेपर तपासून चहा घेत होते, त्यांना अकोल्याची गाडी धरायची होती. डहाळ्या दोन प्रकारच्या आहेत अशी शंका कुणालाच आली नव्हती. गोकुळभाऊ काही न बोलता त्या डहाळ्या बादलीत टाकू शकले असते.

त्यांनी त्या वर्तमानपत्रावर ओळीनं मांडल्या आणि परीक्षकांसमोर ठेवल्या.

"सर, मह्याकून चूक झाली. ह्या नऊ पोराईले मी दुसरंच झाड देल्लं."

वानखडे सर म्हणाले, "गोकुळ, साहेबांची गाडी आहे. आधी चहाचे कप उचल."

"उचलतो सर. पन हे आधी पाहा."

परीक्षकांनी भिंग घेतलं. एकेक फूल कापून पाहिलं. मग चहा बाजूला सारून त्या नऊ क्रमांकांचे पेपर परत काढले. नऊपैकी दोघांनी अडुळशाचं कूळ लिहिलं होतं आणि त्यांचं उत्तर चूक धरलं गेलं होतं. एक कुलदीप, एक काजल. त्यांचे मार्क वाढले. उरलेल्या सात जणांनी तुळशीचं कूळ लिहिलं होतं, वर्णनात चार भागांचा अंडाशयही लिहिला होता.

"यांच्या हातात दोन कप्प्यांचा होता," परीक्षक म्हणाले. "मग चार भाग यांनी पाहिले कुठे?"

वानखडे सर खाकरले. "आमच्याकडे टेबलं जरा जवळजवळ आहेत सर."

सातही जणांचे प्रत्येकी पाच मार्क गेले. त्या सातांत करिष्मा होती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात बोभाटा झाला. पोरं त्यांना पार्किंगमध्ये अडवून म्हणाली, "मामा, जाताजाता आमचीच भाजी केली ना!" प्राचार्यांनी लेखी खुलासा मागितला. निवृत्तीला अकरा दिवस राहिलेले. खुलासा बरा उतरला तर प्रकरण मिटेल, नाहीतर एकतीस वर्षांच्या स्वच्छ सेवापुस्तकात ताकिदीची नोंद होईल, असं वानखडे सरांनीच त्यांना समजावलं होतं.

त्या संध्याकाळी ते आमच्या घरी आले. हातात कोरा कागद.

"ताई, अक्षर तुमचं चांगलं हाय. लिवून द्या."

माझा राग अजून उतरला नव्हता. मी म्हटलं, "गोकुळभाऊ, गप्प राहिला असतात तर काय बिघडलं असतं? सात लेकरांचं नुकसान झालं."

"काजलचं झालंच होतं ना ताई. तिनं बरोबर पाह्यलं अन् तिलेच शून्य." "अन् बाकीचे जलमभर पित्तपापड्याले तुळस म्हनतीन. मास्तर झाले त दुसऱ्याईले शिकवतीन."

करिष्मा आतल्या दारात येऊन उभी होती, ते मला तेव्हा दिसलं.

"मी आधी अडुळशाचंच लिहिलं होतं," ती म्हणाली. "दोन कप्पे दिसले होते मला. मग पुढच्या टेबलावरच्या सगळ्यांचं तुळशीचं दिसलं. खोडून टाकलं."

"काऊन वं?" गोकुळभाऊ म्हणाले.

"आईला मार्क हवे होते."

मी कागद पुढे ओढला आणि लिहायला लागले. लिहिता लिहिता मात्र मी त्यांची बाजू सावरून घेत होते: 'पहाटेच्या अपुऱ्या उजेडात, तसेच तीव्र सर्दीमुळे वास न आल्याने, नजरचुकीने...' एवढं वाचून दाखवलं.

"हे काटा."

"अहो, खोटं कुठं आहे यात? सर्दी होतीच ना?"

"पडसं मले होतं ताई, झाडाले नोतं. अन् उजेड चांगला होता. नाक बंद हाय हे मले मालूम होतं, तरी तोडलं. तेवढंच लिवा."

"ताकीद देतील."

"देऊ द्या. चूक केली त लागते." मग त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "अन् नुसतं 'दुसरे झाड' काऊन लिवलं? वाचनाऱ्याले काय समजन? दोन्हीची नावं टाका. कूळ टाका. कुठून तोडलं ते टाका."

लॅटिन नावं मला आठवेनात. करिष्मानं सांगितली, त्यांनी एकदा मान हलवून पक्की केली. खुलासा सहा ओळींचा झाला. त्यांनी खाली सही केली, चहा घेतला आणि करिष्माकडे वळून म्हणाले, "दोन कप्पे दिसले होते ना तुले? मंग डोयाले काही झालं नाही तुह्या." आणि गेले.

ताकीद मिळाली. तीस नोव्हेंबरला ते निवृत्त झाले. सेवापुस्तक भरणाऱ्या कारकुनानं म्हणे नोंद थोडक्यात करावी म्हणून बराच वेळ डोकं खाजवलं आणि शेवटी खुलासाच जसाच्या तसा उतरवला. त्यामुळे कार्यालयाच्या कपाटातल्या त्या सेवापुस्तकात, रजा आणि वेतनवाढींच्या मध्ये, ऑसिमम अमेरिकॅनम आणि जस्टिशिया प्रोकम्बेन्स ही दोन नावं आपापल्या कुळासकट आणि गावासकट लिहिलेली आहेत. बरोबर लिहिलेली आहेत; करिष्मा जाऊन पाहून आली.