गार बाळी

सोनोग्राफीचं जेल पोटावर पडलं तशी नात शहारली, आणि मला आमचं गंगाखेडचं घर आठवलं.

निजामाचं राज्य होतं. पौषातली थंडी. माझ्या पोटातलं लेकरू आदल्या दिवसापासून हललं नव्हतं. सुईणीला सगळे खाला म्हणत. खालानं चुलीवर हात शेकले, कोमट एरंडेल चोळलं आणि पोटाला कान लावला. तिच्या कानातली चांदीची बाळी मात्र गारठलेलीच होती. ती पोटाला टेकली मात्र, आतून सणसणीत लाथ बसली.

“जित्तं हाय गं बेटी, जित्तं!” खाला ओरडली. दारात बसलेल्या सासूबाई रडायलाच लागल्या. एवढा गोड मार मी पुन्हा कधी खाल्ला नाही.

“आजी, लय गार लागायलंय,” नात म्हणाली.

“लागू दे. तुझी आई गार लागल्यावरच हलली होती.”