पेडलवरचा पाय

"बोला अण्णा," म्हणण्याआधी ती पाय उचलायची. पेडलवरचा पाय उठला की हेडफोनमधला परदेशी डॉक्टर अर्ध्या वाक्यात गप्प व्हायचा. मग ती हेडफोन गळ्यात घेऊन समोरच्याकडे नीट बघायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. समोर कोणी आलं की हातचं काम थांबवणारी.

अनगोळला एका दुकानाच्या वर आमचं मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचं ऑफिस होतं. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकायचे आणि टाइप करायचे. मी तिथला सुपरवायझर. ती वडगावहून सायकलवर यायची आणि चप्पल टेबलाखाली सरकवून अनवाणी पायाने पेडल दाबायची. औषधांची नावं पाठ करता करता नव्या मुली रडकुंडीला यायच्या. त्यांना ती सांगायची, "कानानं ऐका, पायानं थांबवा. न्हाय कळलं तर जागा मोकळी सोडा गं, अंदाज मारू नका. पलीकडं माणूस आजारी हाय."

पाय एवढा कसा सरावला, असं मी एकदा विचारलं.

"घरात साड्या विणायचा खड्ड्याचा माग हाय की. ल्हानपणापासनं पायानं त्याची पावडी दाबत्येय. जलमभर त्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं न्हाय, म्हणून तर हितं आलेय."

पुढे एका मोठ्या हॉस्पिटलात रेकॉर्ड विभागात जागा निघाली. अनुभवाचं पत्र हवं होतं. ते तिने स्वतःच टाइप करून आणलं. माझी फक्त सही राहिली होती. मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं.

रोज निघताना ती विचारायची, "अण्णा, कागद?"

"साहेब गावाला गेलेत. त्यांना विचारायला हवं."

साहेब, म्हणजे ऑफिसचे मालक, आतच बसलेले असायचे, आणि सहीला त्यांना विचारायची गरज नव्हती. पण ती गेली असती तर निम्मं काम अडलं असतं आणि माझी खुर्ची हलली असती. अर्जाची मुदत संपली. "ऱ्हाऊ द्या," एवढंच ती म्हणाली आणि पेडलवर पाय ठेवला.

काही वर्षांनी बोललेलं ऐकून आपोआप टाइप करणारी यंत्रं आली. ऑफिस बंद झालं.

गेल्या महिन्यात ते पत्र सही करून वडगावला घेऊन गेलो. ती मागावर होती, पाय खड्ड्यात.

"बोला अण्णा."

मागाच्या खडखडाटातच मी सगळं सांगितलं. साहेब गावाला गेले नव्हते, हेही.

"ठावं हुतं. त्यांची चप्पल दारातच असायची की."

मी कागद पुढे केला.

"फळीवर ठेवा. साडीवर नगं, शाई लागंल."

धोटा जात-येत राहिला. तिने पाय उचलला नाही.