मांडीवरचा रुमाल

"अनुभव काय बाजारात पावशेरावर मिळतो?" पितांबरनाना ओसरीवरून कडाडले. "तुझ्या आईनं पंधरा वर्षं नगरसेवकी केली. बठ्ठा गावले माहीत शे!"

"गावाला तुम्ही माहीत आहात, नाना. आईला कोण ओळखतं?" कुंदननं बुटाची नाडी तशीच सोडली. "चारू राज्यशास्त्रात एम.ए. आहे. माइक हातात घेतला तर अडखळत नाही. नगराध्यक्ष थेट लोक निवडणार, त्यांना नवा चेहरा हवाय."

"चेहरा फ्लेक्सवर लागतो. खुर्चीवर मुरलेलं माणूस लागतं."

नगराध्यक्षपद यंदा महिलांसाठी राखीव निघालं होतं. संध्याकाळी जळगावहून पक्षाची माणसं नाव विचारायला येणार होती. आणि ज्यांच्या नावांवरून बापलेकांची जुंपली होती, त्या सासूसुना आत भरिताची वांगी सोलत बसल्या होत्या. चारुलता देवपूरच्या कॉलेजात शिकलेली, पण चटके बसले तरी हूं न करणारी.

मंदाबाईंची बोटं काळी झाली होती. पंधरा वर्षं त्या ठेवणीतली साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन सभेला गेल्या. नाना मागच्या बाकावर बसत. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला की मंदाबाईंनी हात वर करायचा. नाही ठेवला तर गप्प बसायचं. कधी चूक झाली नाही. बायका नळाची तक्रार घेऊन दारात आल्या, की मंदाबाई चहा टाकत आणि म्हणत, "हे आले की सांगते हं."

एकदा आठवडे बाजारातली बायकांची मुतारी पाडून तिथं गाळे काढायचा विषय आला. मंदाबाईंना वाटलं, आज काही रुमाल खांद्यावरून हलायचा नाही. तरी सवयीनं त्यांनी मागं वळून पाहिलं. रुमाल मांडीवर होता. हात वर गेला.

त्या उन्हाळ्यात बाजारात रूपा भाजीवालीचं तोंड सुकलेलं दिसलं, म्हणून मंदाबाईंनी आपली पाण्याची बाटली पुढं केली.

"नको अक्का. बजारना दिन मी पानीच पेत नही. जावू कोठे?"

रूपा रागानं बोलली नव्हती. उलट मेथीची एक जुडी वरून टाकली तिनं. हात कोणी वर केला, हे तिला ठाऊकच नव्हतं. ती मेथी मंदाबाईंच्या घशाखाली उतरली नाही.

"अगं, तूच सांग याला," नानांनी हाक दिली. "अनुभव आहे की नाही तुला?"

"आहे ना," मंदाबाई आतून म्हणाल्या. "हात वर करायचा."

कुंदन हसला. "ऐकलंत? म्हणजे चारूच."

मंदाबाईंनी सुनेकडे पाहिलं. "तुला उभं राहायचंय का गं?"

चारुलतानं तोंड उघडलं. पण शब्द निघायच्या आधी तिची नजर दाराकडं गेली. दारात येऊन थांबलेल्या कुंदननं होकारार्थी मान डोलावली.

"हो," ती म्हणाली.

मंदाबाईंनी हातातलं वांगं परातीत ठेवलं. हात धुतले, पदराला पुसले आणि ओसरीवर आल्या.

"या घरातून कुणाचंच नाव जाणार नाही. संध्याकाळी माणसं आली की मी सांगेन. तुम्ही दोघांनी मधे बोलायचं नाही."