कोरी यादी
नात गृहपाठातली चूक खोडत होती. रबराचा तो वास आला आणि मांडवीमागच्या आमच्या गल्लीतली एक दुपार आठवली. जो तलाव वाचवायला आम्ही उपोषणाला बसलो होतो, तोच बुजवून कॉम्प्लेक्स बांधायला निघालेल्या बिल्डरला पक्षाने तिकीट दिलं, आणि मी पक्ष सोडला. वॉर्डाचे गुजराती अध्यक्ष पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "सारू छे, ठीक आहे, जा. पण मतदारयादी देऊन जा, ती पक्षाची आहे." यादी पक्षाची होती, पण समासातली पेन्सिल माझी होती. कोण वारलं, कोण मांजलपूरला राहायला गेलं, कुणाला रिक्षा पाठवायची, हे अकरा वर्षं दारोदार फिरून मी लिहिलं होतं. दुपारभर ओट्यावर बसून मी एकेक अक्षर खोडलं, चुरा फुंकला आणि यादी नेऊन दिली. मतदानाच्या दिवशी त्यांची रिक्षा समोरच्या काकांना न्यायला आली. काकांच्या तेराव्याला मी जेवलो होतो. काकूंनी दारातच कार्यकर्त्यांना असं फैलावर घेतलं की सगळी गल्ली बाहेर आली. मी ओट्यावर चहा घेत बघत होतो. "आजोबा, का हसताय?" नातीने विचारलं. "तू नीट खोड," मी म्हटलं, "खूण राहता कामा नये."