पालीच्या रक्तातली वेगळी जात

आमच्या झूलॉजी डिपार्टमेंटचे किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. चार प्राध्यापक, एक गळका नळ आणि एकच धड मायक्रोस्कोप एका खोलीत ठेवला की किस्से आपोआप साचतात. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. वाशीत तेव्हा माणसांपेक्षा अर्धवट इमारती जास्त. त्यातले निम्मे किस्से वाघमारे मॅडमचे, आणि मॅडमचे सगळे किस्से पालींचे!

मॅडम मूळच्या परभणीकडच्या. पीएच.डी.साठी त्यांनी विषय घेतला पालीच्या रक्तातले एकपेशीय परजीवी. म्हणजे आपल्या मलेरियाच्या जंतूचे चुलतभाऊ. त्यात त्यांना एक असा सापडला, जो कुठल्याच वर्णनात बसेना. बाकीचे पेशीत शिरले की केंद्रकाला ढकलून जागा करतात. हा आपला कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. मॅडम म्हणाल्या, "ही जात वेगळी आहे." मराठी पुस्तकांत स्पीशीजला जातच म्हणतात, त्याला आमचा इलाज नाही.

पण या विषयात शेवटचा शब्द मुंबईच्या एका मोठ्या सरांचा. पालीच्या रक्तातली आधीची जात त्यांनीच शोधलेली आणि प्रबंधाला परीक्षक म्हणूनही तेच येणार. त्यांनी स्लाइड न बघताच सांगून टाकलं, "नवीन वगैरे काही नाही. तो आमच्यातलाच आहे." मॅडमचा अख्खा प्रबंध या एका दाव्यावर उभा होता. गाइड म्हणाले, "दावा काढून टाका, डिग्री पदरात पाडून घ्या."

"काढत नसते!" मॅडम म्हणाल्या.

*

पाली मिळायच्या जवळच्या पावणे गावात, पाटीलशेठच्या वर्कशॉपमध्ये. मॅडम स्टुलावर चढून ट्यूबलाइटच्या मागे हात घालायच्या. शेपटीतून रक्ताचा एक थेंब घेतला की पाल परत भिंतीवर.

एकदा पाल हातातून निसटली ती थेट शेठच्या टकलावर! शेपूट मात्र मॅडमच्या चिमटीत.

शेठ पांढराफटक. "मॅडम, टकल्याव परली! आता काय व्हनार माझा?"

"तुमचं काही होत नाही. मला शेपूट मिळालं, माझी पीएच.डी. होईल!"

शेठनं घरी जाऊन पंचांग बघितलं की नाही, माहीत नाही. पुढच्या महिन्यात त्याचाच फोन आला, "पाली जमल्यान, येताव ना?"

*

मोठ्या सरांचा दुसरा निरोप आला. म्हणे, वाशीचं पाणी खराब, त्यात स्लाइडला रंग नीट चढत नाही, म्हणून बाईंना भलतंच दिसतं. आता स्लाइड रंगवायला पाणी चांगलं लागतं, हे खरं. पण वाशीत राहणाऱ्याला पाण्यावरून बोललेलं सहन होत नाही. आधीच ते येत नाही!

डिपार्टमेंटात सगळ्यात ज्युनिअर म्हणून मॅडमनी मला कामाला लावलं. मी दादरच्या माझ्या मावशीकडून थर्मास भरून पाणी आणलं, खाडीपूल ओलांडून, बसमध्ये मांडीवर धरून. मॅडमनी त्या पाण्यात नवी स्लाइड रंगवली. परजीवी होता तिथेच, कोपऱ्यात.

मॅडमनी सरांना कळवलं, "मुंबईच्या पाण्यानंही त्याला काही फरक पडला नाही."

*

त्याच सुमारास परदेशातल्या समितीनं एकपेशीय प्राण्यांचा एक संघ, म्हणजे फायलम, मोडून सात केले. आमचे हेड सामंत सर वैतागले. "वाशीत राहून गेलेत वाटतं! एक भांडण झालं की एका सोसायटीच्या सात सोसायट्या."

"जुनंच शिकवा, पेपर जुनाच येतो," अशी त्यांची ऑर्डर. मॅडमनी दुसऱ्या दिवशी फळ्यावर सातही संघ लिहिले.

"सिलॅबसमध्ये नाही हे," सर म्हणाले.

"सर, जनावरांना सिलॅबस कुठं माहिती असतो!"

*

आणि फोनचा किस्सा. कॉलेजात एकच फोन, तोही ऑफिसात, हेडक्लार्क राणेंच्या टेबलावर. लाइन खराब, त्यामुळे मॅडम गाइडशी ओरडून बोलत होत्या. "नाही सर, जात वेगळीच आहे! घर तेच असलं म्हणून काय झालं? मी नाही मान्य करणार!"

राणे भला माणूस. फोन ठेवल्यावर हळूच म्हणाले, "मॅडम, आजकाल एवढं कोण बघतो? पोरगा चांगला असला की झालं."

"अहो राणे, पोरगा नाही, परजीवी आहे तो!"

राणे गंभीर झाले. "मग नकोच. आमच्या धाकट्या जावयाचं तेच झालंय."

*

शेवटी व्हायव्हाचा दिवस उजाडला. मोठे सर आले. मॅडमनी स्वतः डबा आणला होता. जेवता जेवता सरांनी विचारलं, "वाघमारे... म्हणजे तुम्ही नक्की कोण?"

 मला तर असा राग आला! मॅडमनी शांतपणे भाजीचं भांडं पुढे केलं. "माणसं, सर. भाजी वाढू?"

व्हायव्हाला हॉल भरला होता, टेबलावर आमचा एकुलता धड मायक्रोस्कोप मांडलेला. सरांनी प्रबंध मिटला. "बाई, जरासा आकार वेगळा, जराशी बसायची जागा वेगळी. एवढ्यावरून वेगळी जात ठरवायची?"

"तुम्ही तर मघाशी नुसत्या आडनावावरून ठरवत होता, सर. मी निदान मायक्रोस्कोपात बघितलंय. तुम्हीही एकदा बघा."

 सामंत सर छताकडे बघायला लागले.

सर उठले. त्यांनी चष्मा काढला आणि मायक्रोस्कोपवर वाकले. एक स्लाइड झाली, दुसरी झाली. थर्मासच्या पाण्याचीही झाली. बराच वेळ त्यांनी डोळा काढलाच नाही. मग तसेच वाकलेले असताना पुटपुटले, "हा... हा आमच्यातला नाही."

मॅडमनी पेन उघडून त्यांच्यापुढे ठेवलं.

"मग तेवढं लिहून द्या, सर!"